दोन फेऱ्यांचे काम एका फेरीत
यामाहा आरडी ३५० या मोटरसायकलीची समीक्षा

टू-स्ट्रोक इंजिनाची आकृती आपल्यापैकी अनेकांनी फळ्यावर काढलेली असते. एक उभा सिलिंडर, त्यात वरखाली होणारा दट्ट्या, खाली क्रँक, एका बाजूने आत येणारे पेट्रोल-हवेचे मिश्रण, दुसऱ्या बाजूने बाहेर जाणारा धूर आणि डोक्यावर ठिणगीचा प्लग. आकृतीखाली दोन ठरलेली वाक्ये येतात. पहिले असे, की फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे एक स्फोट होतो, तर टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला एक. दुसरे असे, की म्हणून तेवढ्याच आकाराच्या टू-स्ट्रोक इंजिनाची शक्ती दुप्पट असते. पहिले वाक्य बरोबर आहे. दुसऱ्या वाक्यातल्या ‘म्हणून’ या शब्दाविषयी मात्र आमची तक्रार आहे.

ही तक्रार एखाद्या खऱ्या यंत्रावर घासून पाहावी, असे आम्हाला वाटते. पुस्तकांची आणि नाटकांची समीक्षा होते. यंत्रे तर आपल्या आयुष्यात पुस्तकांहून जास्त जागा व्यापतात, पण त्यांच्याविषयी आपण एकतर जाहिरातीच्या भाषेत बोलतो, नाहीतर आठवणींच्या. यंत्र बनवणाऱ्याने कोणता प्रश्न हाती घेतला, तो कसा सोडवला आणि कोणता प्रश्न तसाच ठेवला, हे तपासणे म्हणजेच यंत्राची समीक्षा. त्यासाठी आम्ही जपानची यामाहा आरडी ३५० ही मोटरसायकल निवडली आहे. टू-स्ट्रोकच्या चाहत्यांमध्ये हिचे नाव आजही आदराने घेतले जाते, आणि तिची एक भारतीय बहीणही होती.

दुप्पट म्हणजे किती?

आरडी ३५० बाजारात आली १९७३ मध्ये. दोन सिलिंडर, हवेने थंड होणारे इंजिन, सहा गियर. सिलिंडरचा व्यास ६४ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ५४ मिलिमीटर. यावरून इंजिनाचे आकारमान विद्यार्थ्यांना काढू द्यावे. ते ३४७ घन सेंटिमीटर येते. कंपनीने सांगितलेली शक्ती मिनिटाला ७,५०० फेऱ्यांच्या वेगाला ३९ अश्वशक्ती इतकी होती.

तुलनेसाठी त्याच काळातली, तशीच दोन सिलिंडरची, पण फोर-स्ट्रोक मोटरसायकल घेऊ. होंडा सीबी ३५०. नावात ३५० असले तरी तिचे आकारमान ३२५ घन सेंटिमीटर होते आणि शक्ती मिनिटाला १०,५०० फेऱ्यांना ३६ अश्वशक्ती.

आता हिशेब. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. आरडीची शक्ती झाली सुमारे २९,१०० वॅट, म्हणजे सेकंदाला तितके जूल. मिनिटाला ७,५०० म्हणजे सेकंदाला १२५ फेऱ्या. भागाकार केला की एका फेरीमागे सुमारे २३३ जूल काम मिळते. या इंजिनात प्रत्येक फेरीत दोन स्फोट होतात, एकेका सिलिंडरमध्ये एक. म्हणजे एका स्फोटामागे सुमारे ११६ जूल.

होंडाची शक्ती सुमारे २६,९०० वॅट. सेकंदाला १७५ फेऱ्या. एका फेरीमागे सुमारे १५३ जूल. येथे दोन सिलिंडर मिळून एका फेरीला सरासरी एकच स्फोट होतो, म्हणून एका स्फोटामागेही १५३ जूलच.

सिलिंडरचे आकारमान हिशेबात धरले की चित्र आणखी स्पष्ट होते. एका स्फोटातून होंडाला दर घन सेंटिमीटरमागे ०.९४ जूल काम मिळते, आरडीला ०.६७. टू-स्ट्रोकचा प्रत्येक स्फोट फोर-स्ट्रोकच्या स्फोटापेक्षा सुमारे तीस टक्क्यांनी दुबळा आहे. स्फोट दुप्पट वेळा होतात, पण एका फेरीत मिळणारे काम दुप्पट होत नाही. दर घन सेंटिमीटरमागे ते सुमारे १.४ पट होते. आणि होंडाचे इंजिन जास्त वेगाने फिरू शकते, त्यामुळे शेवटी दोन्ही गाड्यांची शक्ती दर घन सेंटिमीटरमागे जवळजवळ सारखीच पडते. पाठ्यपुस्तकातली दुप्पट शक्ती कुठे गेली?

उत्तर असे, की ती मुळात मिळालीच नव्हती. दोन फेऱ्यांचे काम एका फेरीत उरकायचे, तर घाई होते. घाईत काही काम अर्धवट राहते. आरडी ३५० या यंत्राची सारी कहाणी म्हणजे त्या अर्धवट राहिलेल्या कामाशी अभियंत्यांनी दिलेली झुंज आहे.

श्वास घ्यायला वेळ नाही

फोर-स्ट्रोक इंजिनात दट्ट्याच्या चार धावांना चार कामे नेमून दिलेली असतात. मिश्रण आत घेणे, दाबणे, जाळणे, धूर बाहेर टाकणे. श्वास घ्यायला एक पूर्ण धाव आणि सोडायला एक पूर्ण धाव मिळते. टू-स्ट्रोकमध्ये या दोन धावा काढून टाकलेल्या आहेत, पण त्यांचे काम काही संपलेले नाही. दट्ट्या खाली पोहोचण्याच्या आणि परत वर निघण्याच्या थोड्या वेळात धूर बाहेर जायला हवा आणि नवे मिश्रण आत यायला हवे.

या कामासाठी इंग्लंडमधील बाथ शहरातल्या जोसेफ डे यांनी १८९१ च्या सुमारास एक सोपी युक्ती काढली. दट्ट्याखालची क्रँकची बंद पेटीच त्यांनी पंपासारखी वापरली. दट्ट्या वर जातो तेव्हा खालच्या पेटीत पोकळी होते आणि मिश्रण तिथे ओढले जाते. दट्ट्या खाली येतो तेव्हा ते दाबले जाते. दट्ट्या आणखी खाली गेला की सिलिंडरच्या भिंतीतली भोके उघडी पडतात. आधी धुराचे भोक, मग थोड्याच वेळात पेटीतून वर येणाऱ्या मिश्रणाचे भोक. दट्ट्या स्वतःच झडपेचे काम करतो. झडपा नाहीत, त्यांच्या स्प्रिंगा नाहीत, त्यांना हलवणारा दांडा नाही. यंत्र म्हणून याहून साधी रचना सुचणे कठीण.

या साधेपणाची किंमत मात्र त्याच क्षणी मोजावी लागते. धुराचे भोक आणि मिश्रणाचे भोक काही काळ एकदम उघडी असतात. म्हणजे एकाच खोलीची दोन्ही दारे सताड उघडी आहेत, एका दारातून जुने पाहुणे निघाले आहेत, दुसऱ्यातून नवे येत आहेत, आणि आलेल्यांपैकी काही जण न थांबता समोरच्या दाराने बाहेर पडत आहेत. १९२० च्या दशकात जर्मनीत अडॉल्फ श्न्यूर्ले यांनी मिश्रणाची भोके तिरकी ठेवून आत येणारा प्रवाह आधी मागच्या भिंतीकडे वळवला. प्रवाह तिथून वर जातो, डोक्याशी वळतो आणि धुराला पुढे ढकलत खाली येतो. गळती पुष्कळ कमी झाली, थांबली मात्र नाही.

आरडीच्या बाबतीत वेळेचा अंदाज घेऊ. सेकंदाला १२५ फेऱ्या, म्हणजे एक फेरी ८ मिलीसेकंदांत. मिश्रण वर येण्याची भोके फेरीच्या साधारण एक तृतीयांश भागापुरती उघडी असतात असे धरले, तर हाती उरतात तीन मिलीसेकंदांहूनही कमी. डोळ्याची पापणी एकदा लवायला लागणाऱ्या वेळात हे इंजिन दहापेक्षा जास्त वेळा श्वास घेऊन सोडते.

बाजा बनवणाऱ्यांचे इंजिन

हे यंत्र ज्या कंपनीने बनवले तिचे मूळ एका शाळेत आहे. १८८७ मध्ये जपानच्या हामामात्सु गावातल्या प्राथमिक शाळेचा ऑर्गन बिघडला आणि तो दुरुस्त करायला तोराकुसु यामाहा या कारागिराला बोलावले गेले. त्या दुरुस्तीतून ऑर्गन बनवण्याचा उद्योग उभा राहिला आणि पुढे ‘निप्पॉन गाक्की’ ही वाद्ये बनवणारी मोठी कंपनी झाली. युद्धकाळात तिच्याकडून विमानांचे पंखे बनवून घेतले गेले. युद्धानंतर त्या यंत्रसामग्रीचे काय करायचे, हा प्रश्न होता. १९५५ मध्ये यामाहा मोटर ही वेगळी कंपनी निघाली. तिच्या टाकीवरच्या चिन्हात आजही तीन नादकाटे आहेत.

पहिली मोटरसायकल वायए-१, १२३ घन सेंटिमीटरची. ती जर्मनीच्या डीकेडब्ल्यू कंपनीच्या आरटी १२५ या गाडीवर उघड उघड बेतलेली होती. डीकेडब्ल्यूचा कारखाना सॅक्सनीतल्या त्शोपाऊ या छोट्या गावात होता. हे गाव लक्षात ठेवावे, कारण ते पुन्हा येणार आहे.

नक्कल करून सुरुवात केलेल्या कंपनीने नऊ वर्षांत, १९६४ मध्ये, २५० घन सेंटिमीटर गटाचे जागतिक विजेतेपद मिळवले. स्वार होता फिल रीड. आरडी ३५० ही अशा शर्यतींतून शिकलेल्या लोकांनी रस्त्यासाठी बनवलेली गाडी. ६४ मिलिमीटर व्यास आणि ५४ मिलिमीटर धाव हीच मापे यामाहाच्या पाण्याने थंड होणाऱ्या टीझेड ३५० या शर्यतीच्या गाडीतही होती.

आता तिच्या तीन गुणांकडे वळू.

पहिला गुण म्हणजे रीड झडप. जुन्या टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण पेटीत येण्याचे भोकही दट्ट्याच उघडतो आणि बंद करतो. यात एक भूमितीची अडचण आहे. दट्ट्या वर जाताना ज्या जागी भोक उघडते, खाली येताना त्याच जागी ते बंद होते. पण दट्ट्या खाली येऊ लागला की पेटीतला दाब वाढतो आणि नुकतेच आत आलेले मिश्रण कार्ब्युरेटरमधून उलटे बाहेर फेकले जाते. इंजिन वेगात असेल तर आत येणाऱ्या प्रवाहाचा जोर हा उलटा दाब निभावून नेतो. हळू चालताना मात्र नेता येत नाही. आरडीत कार्ब्युरेटर आणि पेटी यांच्यामध्ये पोलादी पातळ पात्यांची झडप बसवली होती. बाहेरचा दाब जास्त झाला की पाती वाकतात आणि वाट देतात. आतला दाब जास्त झाला की आपोआप मिटतात. भोक केव्हा उघडायचे हे आता दट्ट्याच्या जागेवर ठरत नाही, दाबावर ठरते. त्यामुळे अभियंत्यांना भोके मोठी करण्याची आणि जादा वाटा काढण्याचीही मोकळीक मिळाली. कमी वेगालाही ओढ देणारे इंजिन हा याचा परिणाम.

पेटी वाजवणाऱ्या वाचकांना रीड हा शब्द ओळखीचा आहे. हार्मोनियमच्या आतली पितळेची पातळ जीभ म्हणजे रीड. ऑर्गन बनवणाऱ्यांच्या कंपनीने रीड झडपेचे इंजिन काढावे, हा योग गमतीचा आहे, पण त्यातून कार्यकारणभाव काढू नये. अशा झडपा बोटींच्या इंजिनांत त्याआधी कित्येक वर्षे वापरात होत्या. यामाहाचे श्रेय असे, की रस्त्यावरच्या स्वस्त मोटरसायकलीत त्यांनी त्या भरवशाच्या केल्या.

दुसरा गुण तेलपुरवठ्याचा. क्रँकची पेटी मिश्रणाच्या वाटेवर असल्यामुळे तिथे फोर-स्ट्रोकसारखे तेल भरून ठेवता येत नाही. म्हणून पेट्रोलमध्येच तेल मिसळत असत. आपल्याकडे स्कूटर, लुना किंवा रिक्षा चालवलेल्यांना पेट्रोल पंपावर टाकीत ओतले जाणारे ते तेल आठवत असेल. या पद्धतीत तेलाचे प्रमाण कायम एकच राहते. चढावर पूर्ण जोरात आणि चौकात उभे असताना, दोन्ही वेळी तेवढेच. चौकात ते जास्त होते आणि निळसर धूर निघतो. यामाहाने १९६४ मध्ये ‘ऑटोल्यूब’ ही योजना आणली. तेलाची वेगळी टाकी आणि इंजिनावर चालणारा छोटा पंप. त्याचा पुरवठा इंजिनाच्या वेगाबरोबर आणि मुठीच्या पिळाबरोबर बदलतो. गरज असेल तितकेच तेल, गरज असेल तेव्हा. आमच्या मते आरडीच्या तिन्ही गुणांत हा सर्वांत विवेकी. त्याची चर्चा मात्र सर्वांत कमी होते, कारण तेल वाचवण्यात थरार नसतो.

नळीत परतणारी लाट

तिसरा गुण धुराच्या नळीचा आणि तो पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांसाठी मेजवानी आहे. धुराचे भोक उघडताच दाबाचा एक धक्का नळीत शिरतो. वायू नळीतून पुढे सरकतो तो सावकाश, दाबाची लाट मात्र आवाजाच्या वेगाने जाते. नळीचे तोंड रुंदावत गेले, तर या लाटेचा काही भाग विरलन होऊन, म्हणजे कमी दाबाची लाट होऊन, मागे परततो. पुढे नळी पुन्हा निमुळती झाली, तर उरलेली लाट संपीडन होऊनच परतते. उघड्या आणि बंद टोकांवर ध्वनिलहरींचे परावर्तन कसे होते, हे आपण अनुनाद नळीच्या प्रयोगात शिकवतो. तेच येथे कामाला लावले आहे. पहिली परतणारी लाट सिलिंडरमधला धूर ओढून घेते आणि तिच्यामागोमाग नवे मिश्रणही थोडे नळीत खेचते. दुसरी लाट त्या निसटलेल्या मिश्रणाला, भोक बंद होण्याआधी, पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. झडप नसलेल्या दाराला लाटेची झडप बसते.

हे ज्ञान शर्यतींच्या दुनियेत परिपूर्ण केले पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीतल्या वाल्टर काडेन यांनी. एमझेडचा कारखाना कोठे होता? त्शोपाऊलाच. डीकेडब्ल्यूच्याच जुन्या आवारात. १९६१ मध्ये काडेन यांच्या १२५ घन सेंटिमीटर इंजिनाने सुमारे २५ अश्वशक्ती गाठली होती. त्याच वर्षी स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी एमझेडचा स्वार एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळाला आणि जपानच्या सुझुकीला जाऊन मिळाला. काडेन यांची गुपिते त्याच्याबरोबर गेली. १९६२ मध्ये सुझुकी आणि डेग्नर यांनी ५० घन सेंटिमीटर गटाचे विजेतेपद पटकावले. काही वर्षांतच नळीचा हा आकार साऱ्या जपानी टू-स्ट्रोकांची सामाईक मालमत्ता झाला. एका गरीब कारखान्यात कमी साधनांवर काम करणाऱ्या अभियंत्याचे नाव विजेत्यांच्या यादीत फारसे दिसत नाही. आरडीचे कौतुक करताना ते घेतलेच पाहिजे.

नळी किती लांब हवी? गणित वर्गात करता येते. धुराचे भोक साधारण अर्धी फेरी उघडे असते असे धरू. मिनिटाला ७,५०० फेऱ्यांच्या वेगाला अर्धी फेरी म्हणजे ४ मिलीसेकंद. तापलेल्या धुरात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ५०० मीटर. चार मिलीसेकंदांत लाट दोन मीटर जाते, म्हणजे जाऊन परत यायला साधारण एक मीटर अंतरावरचा अडथळा हवा. मोटरसायकलीच्या पुढच्या चाकामागून मागच्या चाकापर्यंत जाणाऱ्या सायलेन्सरचा आकार याच मापातला असतो. रस्त्यावरच्या गाडीत हा आकार सौम्य असतो, शर्यतीच्या गाडीत फुगलेल्या पोटासारखा उघड दिसतो.

पण याच गणितात या युक्तीची मर्यादाही आहे. आता इंजिनाचा वेग निम्मा करा. भोक आठ मिलीसेकंद उघडे राहील, लाट मात्र चारच मिलीसेकंदांत परत येईल. जी लाट दार बंद करायला यायची ती ऐन वर्दळीत येऊन रस्ता अडवते. म्हणून अशा इंजिनात एका ठरावीक वेगापर्यंत ओढ बेताची वाटते आणि त्या वेगाला पोहोचताच गाडी एकदम उसळते. चाहते या उसळीवर प्रेम करतात. आम्ही तिचा अर्थ असा लावतो, की या यंत्राचा सूर एकाच पट्टीत लागतो. रीड झडपेने ही पट्टी थोडी रुंद केली, हे आरडीचे यश. मोकळ्या रस्त्यावर ते पुरेसे आहे. शहरात गाडी त्या पट्टीत फार थोडा वेळ असते.

जे निसटले त्याचा हिशेब

आता दोषाकडे येऊ. एवढ्या सगळ्या युक्त्या करूनही कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोक इंजिनात आत आलेल्या पेट्रोलपैकी साधारण पाचवा ते तिसरा हिस्सा न जळताच बाहेर जातो. इंजिनागणिक आणि वेगागणिक हा आकडा बदलतो, पण तो शून्याजवळ जात नाही. कारण सिलिंडर धुण्याचे काम ज्या वायूकडे सोपवले आहे, त्याच वायूत पेट्रोल आहे. घर झाडायला पाणी वापरावे तसे येथे दूध वापरले जाते.

समजा एक टू-स्ट्रोक दुचाकी लिटरला ४० किलोमीटर जाते. एक लिटर पेट्रोलचे वस्तुमान सुमारे ७४० ग्रॅम. म्हणजे किलोमीटरला १८.५ ग्रॅम पेट्रोल. त्याचा पाचवा हिस्सा निसटला असे धरले, तर किलोमीटरला ३.७ ग्रॅम न जळलेले पेट्रोल रस्त्यावर पडते. भारतात २००० पासून नव्या दुचाकींना लागू झालेली मर्यादा हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे मिळून किलोमीटरला २ ग्रॅम अशी होती. मर्यादा आणि गळती यांच्यातली दरी विद्यार्थ्यांना एवढ्या हिशेबावरून दिसू शकते. त्यात जळक्या तेलाचे बारीक कण आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेलेच नाहीत. न्यायाने एक गोष्ट टू-स्ट्रोकच्या बाजूनेही सांगायला हवी. सिलिंडरमध्ये थोडा जुना धूर शिल्लक राहत असल्याने तापमान मर्यादेत राहते आणि नायट्रोजनची ऑक्साइडे फोर-स्ट्रोकपेक्षा कमी बनतात.

हा दोष अभियंत्यांना माहीत नव्हता असे कोणी म्हणू शकणार नाही. परतणाऱ्या लाटेची सगळी योजना निसटलेले मिश्रण परत आणण्यासाठीच तर होती. पण ते परत आणण्याचा हेतू शक्ती वाढवणे हा होता. शर्यतीत वेळ मोजली जाते, धूर मोजला जात नाही. जे मोजले गेले ते सुधारले, जे मोजले गेले नाही ते राहिले. १९७३ च्या ऑक्टोबरात तेलाचे संकट आले आणि पेट्रोल मोजले जाऊ लागले. १९७८ पासून अमेरिकेने मोटरसायकलींच्या धुरावर मर्यादा घातल्या आणि धूरही मोजला जाऊ लागला. तिथल्या रस्त्यांवरच्या मोठ्या टू-स्ट्रोक मोटरसायकलींचा काळ त्यानंतर झपाट्याने सरला.

भारतात हीच गोष्ट उशिरा घडली. एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ मध्ये आरडीची आवृत्ती ‘राजदूत ३५०’ या नावाने आणली. मूळ गाडीच्या पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक होता, येथे ड्रम ब्रेक आला. शक्ती ३९ वरून सुमारे ३० अश्वशक्तीवर उतरवली गेली आणि नंतरच्या आवृत्तीत सुमारे २७ वर, कारण आपल्याकडचा ग्राहक आधी लिटरमागे किलोमीटर विचारतो. तरीही ती गाडी पेट्रोलची तहानलेलीच राहिली आणि दशक संपता संपता बंद झाली. या गाडीची फजिती म्हणून अनेकदा ग्राहकाला बोल लावला जातो. आम्हाला तो अन्यायाचा वाटतो. टाकीतल्या प्रत्येक पाच लिटरांपैकी एक लिटर न जळता जाते हे त्याला ठाऊक नसेल, पण खिशाला ते कळले होते. टू-स्ट्रोकचा धूर शहरांना मात्र मोठ्या गाड्यांनी दिला नाही. तो दिला लाखोंच्या संख्येतल्या स्कूटर, मोपेड आणि रिक्षांनी. त्यांच्यात आरडीच्या युक्त्यांपैकी बहुतेक नव्हत्या, दोष मात्र तोच होता.

दोष अटळ होता का?

एक आक्षेप येथे घेता येईल. त्या काळी दुसरा उपायच नव्हता, मग दोष कसा द्यायचा? आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. उपाय तत्त्वतः साधा आहे. सिलिंडर नुसत्या हवेने धुवावा आणि धुराचे भोक बंद होण्याच्या बेताला पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारावे. मग निसटलीच तर हवा निसटेल. पण एका मिलीसेकंदाच्या आसपास अचूक मोजून फवारा मारायचा, तर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण हवे, आणि ते १९७३ मध्ये स्वस्त मोटरसायकलीत बसण्यासारखे नव्हते. पुढे ते झाले. बोटींची इंजिने या पद्धतीने चालली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पुण्याच्या बजाज ऑटोने ऑस्ट्रेलियाच्या ऑर्बिटल कंपनीच्या तंत्राचे असे इंजिन रिक्षात बसवून विकले. तोपर्यंत फोर-स्ट्रोक स्वस्त आणि भरवशाचे झाले होते आणि टू-स्ट्रोकचा सर्वांत मोठा गुण, म्हणजे साधेपणा, फवाऱ्याच्या यंत्रणेत हरवला होता. आज भारतात रस्त्यावरच्या नव्या दुचाकींत टू-स्ट्रोक जवळजवळ दिसत नाही.

मग आरडी ३५० विषयी आमचा निर्णय काय? ज्या प्रश्नासाठी ती बनवली गेली, त्या प्रश्नाचे तिने दिलेले उत्तर उत्तम आहे. मोजक्या भागांतून, झडपांच्या गुंतागुंतीशिवाय, फोर-स्ट्रोकच्या तोडीची शक्ती तिने बऱ्याच कमी वेगाला मिळवली. रीडची पाती आणि नळीतली लाट या दोन्हींत निसर्गनियमांना कामाला लावण्याची जी हुशारी आहे, ती विद्यार्थ्यांना दाखवण्याच्या योग्यतेची आहे. पण प्रश्नच अपुरा मांडला होता. चालवणाऱ्याला काय मिळते हे त्यात होते. मागून येणाऱ्या सायकलस्वाराच्या फुफ्फुसात काय जाते हे त्यात नव्हते. त्या गाड्या आज जपणाऱ्या मंडळींबद्दल आम्हाला आकस नाही. चांगले यंत्र जपलेच पाहिजे. फक्त तिला सरकारी नियमांनी मारले असे ते म्हणतात, तेव्हा वरचा ३.७ ग्रॅमचा हिशेब त्यांच्यापुढे ठेवावा.

शिक्षकांना आमची विनंती लहानशी आहे. वर्गात दुप्पट शक्तीचे वाक्य सांगून झाले, की आरडी आणि होंडा यांचे आकडे फळ्यावर लिहून भागाकार विद्यार्थ्यांकडून करून घ्यावेत. त्याला एक तासिकाही लागत नाही. आणि टू-स्ट्रोकची आकृती काढताना मिश्रण आत येण्याच्या भोकापासून धुराच्या भोकापर्यंत सरळ जाणारा एक बारीक बाण वाढवावा. आपल्या नेहमीच्या आकृतीत सगळे मिश्रण शिस्तीने वर जाते आणि सगळा धूर शिस्तीने बाहेर पडतो, तो बाण तिथे नसतो. तो का काढला, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले, तर या इंजिनाचा खरा धडा तिथून सुरू करता येईल.